सोलापूर रोडवर गाड्या मोजणारे

गेल्या बैठकीत शहराच्या वाढीवर बोलताना एका सदस्याने जुन्या अहवालातला एक आकडा वाचून दाखवला. अमुक नाक्यावरून दिवसाला इतकी वाहनं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र गप्प बसलो, कारण हे आकडे जिथे तयार होतात तिथे, रस्त्याच्या कडेला, मी स्वतः बसलेलो आहे. त्याबद्दलच हा लेख.

आधी थोडी पार्श्वभूमी. मोटारी वाढल्या तसा रस्त्यांचा खर्च कोणी करायचा हा प्रश्न आला, आणि 1927 मध्ये सरकारने बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या शिफारशींतून पेट्रोलवरच्या कराचा रस्ते निधी आला आणि 1934 च्या डिसेंबरात इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. ही काँग्रेस राजकारणातली नव्हे, रस्ते बांधणाऱ्या अभियंत्यांची. इकडे हैदराबाद संस्थानात निजामाच्या रेल्वेने 1932 मध्ये 27 बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली होती.

गावाबाहेरच्या रस्त्यांवर वाहनं कशी मोजायची याचे नियम रोड्स काँग्रेसच्या 9 क्रमांकाच्या पुस्तिकेत आहेत. माझ्या वेळी तिची 1972 ची आवृत्ती चालायची. वर्षातून दोनदा मोजणी, एकदा सुगीच्या गर्दीत आणि एकदा मंदीत. प्रत्येक वेळी सलग 7 दिवस, 24 तास. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या. मोजणारा लिहिता-वाचता असावा, शक्यतो मॅट्रिकपर्यंत शिकलेला, एवढीच पात्रता.

मी त्या पात्रतेत बसत होतो. 1986 चा हिवाळा, कॉलेजची सुट्टी. आमची चौकी पटनचेरूच्या पुढे, पुणे-सोलापूरहून हैदराबादमार्गे मछलीपट्टणला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 9 वर. आता त्याला 65 म्हणतात, पण आमच्या घरात तो सोलापूर रोडच. एक कंदील, एक घोंगडी, पुठ्ठ्याला क्लिप लावलेला तक्ता. गाडी गेली की उभी रेघ; चार झाल्या की पाचवी त्यांच्यावरून तिरकी. तास संपला की बेरीज करून पुढचा रकाना.

रकाने बघण्यासारखे होते. मोटार-जीप-रिक्षा एकीकडे, मग स्कूटर-मोटारसायकल, बस, ट्रक, जनावरांनी ओढलेली वाहनं, सायकली आणि शेवटी इतर. पुढे 1990 च्या पुस्तिकेत ग्रामीण रस्त्यांसाठी प्रत्येकाची किंमत ठरलेली दिसते. मोटार 1, सायकल अर्धी, ट्रक किंवा बस 3 आणि बैलगाडी 8. म्हणजे कडब्याची एक गाडी आठ मोटारींइतका रस्ता अडवते. पण पहाटे डोक्यावर भाजीची पाटी घेऊन रांगेने चालत जाणाऱ्या बाया? त्यांना रकानाच नव्हता. मी त्यांना रोज पाहिलं, लिहिलं एकदाही नाही. जत्रा किंवा प्रदर्शन असेल तर मोजणी काही दिवस पुढे ढकलायची, असाही नियम. त्यामुळे उरूस-जत्रेची गर्दी या कागदांत शोधायला जाऊ नये.

आता कबुली. चौथ्या की पाचव्या रात्री थंडी फार होती. आमच्या सुपरवायझरने सांगितलं, "अंदाज से मार दे रे, कौन देखता?" तीन ते पाच मी घोंगडीत झोपलो आणि उठल्यावर आदल्या रात्रीचा तक्ता समोर ठेवून, थोडं कमी-जास्त करून रेघा ओढल्या. ज्यांनी काम दिलं होतं त्यांनी ते बिनबोभाट घेतलं. तेव्हा गंमत वाटली. पुढे कळलं की त्या काळी डांबरी रस्त्याची जाडी ठरवताना बघत ती जमिनीची ताकद आणि दिवसाला जाणारी 3 टनांवरची व्यापारी वाहनं. मोटारी-स्कूटरी त्या हिशेबात येतच नसत. आणि आमच्या चौकीवर रात्र म्हणजे ट्रकच! जे दोन तास मी झोपलो, ते नेमके ट्रकचे होते.

आणखी एक आठवण. समोरच्या चहावाल्याने दुसऱ्याच दिवशी विचारलं होतं, "क्या गिनरैं भाई? रोड चौडा होंगा क्या? मेरी दुकान जाती क्या?" मी म्हणालो, "नै चाचा, सिर्फ गिनती है." नंतर तो रोज पैसे न घेता चहा देऊ लागला. मी नको म्हणालो तरी ऐकायचा नाही. माझ्या रेघांवर त्याचं दुकान अवलंबून आहे हे त्याला माझ्याआधी कळलं होतं. रस्ता पुढे रुंद झाला. ती टपरी आज तिथे नाही.

हल्ली नाक्यांवर कॅमेरे असतात, टोलवर फास्टॅग आहे. तरी चौकातली मोजणी करायला पुष्कळदा कोणीतरी पोरगा बसतोच; फरक इतकाच, की आता तो खोलीत बसून चित्रफीत थांबवत-थांबवत मोजतो.

जुने वाहतूक-आकडे फेकून द्या असं माझं म्हणणं नाही. शेवटची बैलगाडी या रस्त्यांवरून कधी गेली हे कळायला तेवढाच आधार आहे. पण आकडा वाचताना रकाने कोणते होते आणि पाळी कोणाची होती, हे दोन प्रश्न विचारावेत. अहवालात सल्लागारांची नावं सापडतात, मोजणाऱ्यांची नाहीत. आपल्यापैकी कोणी, किंवा घरातल्या कोणी, असं काम केलं असेल आणि जुना तक्ता, हजेरीचा कागद, निदान आठवण शिल्लक असेल, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. माझ्या दोन तासांची नोंद मी आज इथे करून ठेवली.