बिल्ले, बक्कल आणि पलटणी

कचेरीतील शिपायाला आपण ‘पट्टेवाला’ म्हणत आलो तो त्याच्या अंगावरील पट्ट्यावरून, आणि ‘चपराशी’ म्हणतो ते त्या पट्ट्यावरील पितळी ‘चपरास’ या बिल्ल्यावरून. पोलीस शिपायाच्या नावापुढे कागदोपत्री ‘ब. नं.’ अशी अक्षरे येतात. ती ‘बक्कल नंबर’ची होत, आणि बक्कल म्हणजे कमरपट्ट्याचे इंग्रजी ‘बकल’. परकीय अंमलात माणसाची ओळख नावापेक्षा अंगावरील धातूने कशी ठरू लागली, हे या तीन शब्दांत साठलेले आहे. असे जुने बिल्ले जमविणारे हौशी लोक पुष्कळ आहेत; ते ओळखणे मात्र निराळे काम आहे.

आपल्या बेळगावकडे हा विषय परका नाही. १९२२ मध्ये सहा जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री उभी राहिली आणि तेव्हापासून तिचे केंद्र बेळगावात आहे. त्यामुळे येथील घरांतून निघणाऱ्या पितळी वस्तूंचा काळ ठरविताना आधी आकडा पाहावा. १९०३ मध्ये सेनापती किचनर यांच्या फेररचनेत मुंबई फौजेच्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळविण्यात आले. तिसरीची एकशेतिसरी झाली, दहावीची एकशेदहावी. म्हणून खांद्यावरच्या अक्षरपट्टीवर १०३, १०५, ११०, ११४, ११६ किंवा ११७ असा आकडा मराठा पलटणीच्या नावासह आढळला, तर ती १९०३ ते १९२२ या एकोणीस वर्षांतील समजावी. स्पेलिंगही उपयोगी पडते. जुन्या इंग्रजी लेखनात ‘मराठा’ या शब्दात ‘आर’च्या आधी ‘एच’ येई आणि ‘टी’ दोनदा येई. स्वातंत्र्यानंतर ते बदलले.

दुसरी खूण मुकुटाची. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील मुकुटाच्या कमानी मध्यभागी खाली दबलेल्या दिसतात. १९०१ नंतर राजांचा मुकुट आला, तो घुमटासारखा गोलाकार. १९५२ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आल्यावर दबलेल्या कमानींचा मुकुट पुन्हा प्रचारात आला. पण तोपर्यंत भारत प्रजासत्ताक झाला होता आणि आपल्या फौजेच्या चिन्हांवर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभावरील सिंह आले होते. तेव्हा भारतीय पलटणीच्या नावावर एलिझाबेथ राणीचा मुकुट दिसला, की ती वस्तू विक्रेत्याच्या कल्पनेतूनच जन्मली असे खुशाल समजावे. संस्थानांची गोष्ट वेगळी. तेथे मुकुटापेक्षा घराण्याचे चिन्ह शोधावे लागते : शिंद्यांचे नाग, होळकरांचे नंदी आणि घोडा, गायकवाडांचे ‘जिन घर जिन तख्त’.

नकली बिल्ले बहुधा ओतीव असतात. ठशाखाली दाबून काढलेल्या बिल्ल्याच्या कडा स्पष्ट असतात व मागील बाजूस पुढच्या आकृतीचा उलटा खोलगट ठसा उमटतो. साच्यात ओतलेला बिल्ला थंड होताना आकसतो, म्हणून मुळाहून किंचित लहान भरतो. पृष्ठभागावर बारीक छिद्रे राहतात, कडेला कानशीचे ओरखडे दिसतात. झिजलेल्या अक्षरांना मात्र दोष देऊ नये. शिपाई रोज कवायतीपूर्वी पितळ घासून लखलखीत करी, त्या घासण्याचीच ती झीज पुष्कळदा असते. दसऱ्याला घरातील भांड्यांबरोबर त्यालाही चिंच लावण्याची आपली चाल मात्र घातक आहे. तिने उरलासुरला पुरावाही जातो.

इतके सगळे जुळले तरी बिल्ला पलटण आणि काळ सांगतो, माणूस सांगत नाही. १०३, ११० व ११७ या पलटणी मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात सापडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील फौजेने शरणागती पत्करली. म्हणून ‘११०’ लिहिलेली पट्टी कूतच्या कैद्याचीच होती असे म्हणता येत नाही. तीच पट्टी हिंदुस्थानाबाहेर पाऊलही न टाकलेल्या शिपायाच्या खांद्यावर असू शकेल. पोलिसाच्या बकलावरील आकडाही एकाकडून दुसऱ्याकडे जाई. हा दुवा केवळ घरच्या माणसांपाशी असतो, आणि तो तोंडी असतो. फलकावर ओळीने टाचलेल्या शंभर बिल्ल्यांपेक्षा, गाव, नाव आणि हकिकत यांसह वहीत नोंदलेला एक बिल्ला मला अधिक मोलाचा वाटतो. संग्राहक भाव विचारतात; घर कोणाचे, हे फार थोडे विचारतात.

पदकांचे तसे नव्हते. पहिल्या महायुद्धानंतर लढवय्या शिपायांना जे ब्रिटिश युद्धपदक मिळाले, त्याच्या कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असे. पण ते पदक रुप्याचे होते. अडचणीच्या वर्षी ते सोनाराकडे मोडीत गेले की कडेवरचे नावही त्याबरोबर वितळले, आणि पेटीच्या तळाशी राहिली ती कोणी विकत न घेतलेली पितळेची पट्टी.