रिपोर्ट आईचा, बदल अख्ख्या घराचा: डायबिटीस टाळायला कुटुंब का लागतं?

समजा, अंधेरीतल्या एका घरात आईचा ब्लड रिपोर्ट आला आहे. उपाशीपोटीची साखर ११२. डॉक्टर सांगतात, "डायबिटीस अजून नाही, पण काठावर आहात. वजन कमी करा, चाला, भात-साखर कमी करा." आई घरी येते आणि चौघांसाठी नेहमीचाच स्वयंपाक करते. स्वतःसाठी आठवडाभर वेगळं काहीतरी शिजवते, मग दमून सोडून देते.

यात तिची जिद्द कमी पडली असं म्हणणं सोपं आहे. पण सल्ला एकटीला आणि स्वयंपाक चौघांचा, हे गणित जमणार कसं?

'काठावर' म्हणजे काय?

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५, किंवा तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असेल, तर त्याला प्रीडायबिटीस म्हणतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना डायबिटीस आहे आणि १३ कोटी ६० लाख लोक प्रीडायबिटीसमध्ये आहेत. म्हणजे काठावर उभे असलेले जास्त आहेत.

"मी तर जाड नाही," मग धोका कसा?

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे स्वतःच्याच उदाहरणातून दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्याकडे दिसायला बारीक माणसातही चरबी जास्त असू शकते, आणि ती पोटाभोवती साठली की साखर बिघडायला लागते.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त धरतात. कमरेचा घेर बायकांचा ८० सेंटिमीटरच्या आणि पुरुषांचा ९० सेंटिमीटरच्या आत हवा.

राहणी बदलून डायबिटीस खरंच टळतो?

हो, बऱ्याच जणांचा टळतो किंवा लांबतो. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त लोकांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. ७ टक्के वजन घटवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम, हे लक्ष्य दिलेल्या गटात डायबिटीसचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं.

भारतातला असाच अभ्यास डॉ. ए. रामचंद्रन यांनी चेन्नईत ५३१ जणांवर केला. तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबिटीस झाला. आहार आणि व्यायाम बदललेल्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होतं. विशेष म्हणजे या लोकांचं वजन फारसं उतरलं नव्हतं, तरीही फायदा झाला. काटा हलला नाही म्हणून चालणं सोडू नका.

मग यात कुटुंब कुठे येतं?

कॅलिफोर्नियातल्या एका अभ्यासात डायबिटीस असलेल्या लॅटिना आया आणि त्यांच्या मोठ्या मुली अशा जोड्या करून दोघींनी मिळून वजन कमी करण्याचा प्रयोग झाला. आपल्या घरांच्या जवळचं उदाहरण स्कॉटलंडमधलं आहे. तिथे भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या १५६ कुटुंबांच्या अभ्यासात एका गटाच्या घरी आहारतज्ज्ञ तीन वर्षांत १५ वेळा गेले आणि घरच्यांनाही सोबत घेतलं. तुलनेच्या गटापेक्षा या लोकांचं वजन सरासरी दीड किलोच्या आसपास जास्त घटलं. आकडा छोटा आहे, आणि डायबिटीस नक्की किती टळला हे ठामपणे सांगण्याइतका अभ्यास मोठा नव्हता. पण तीन वर्षं वजन वाढू न देणं हीसुद्धा मोठीच गोष्ट आहे.

अंधेरीनं काय शिकवलं?

वांद्रे ते अंधेरी या पट्ट्यातल्या वस्त्यांमध्ये २००६ पासून एक मोठा प्रयोग झाला. साडेसहा हजार महिला त्यात होत्या. काहींना दिवस राहण्याआधीपासूनच रोज पालेभाजी, फळं आणि दूध घातलेला खाऊ दिला, बाकीच्यांना बटाटा-कांद्यासारख्या भाज्यांचा. तपासणी झालेल्यांपैकी पहिल्या गटात गरोदरपणातला डायबिटीस ७.३ टक्के महिलांना झाला, दुसऱ्या गटात १२.४ टक्के.

हा प्रयोग वजन घटवण्याचा नव्हता. पण घरातल्या तरुण बाईच्या ताटात काय पडतं, यावर पुढचं बरंच अवलंबून असतं हे त्यातून दिसलं. गरोदरपणात डायबिटीस झाला तर त्या बाईला पुढे टाइप २ डायबिटीसचा धोका कितीतरी पटींनी वाढतो, आणि बाळाचाही वाढतो. सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलंसुरलं खाणारी सून ही म्हणून अख्ख्या घराच्या काळजीची गोष्ट आहे.

घरात काय बदलायचं?

- एकच स्वयंपाक: "आईचं डाएट" वेगळं नको. भाजी, उसळ, वरण जास्त आणि भात-पोळी कमी, हे सगळ्यांच्याच ताटात.
- किराण्याची यादी: तेल, साखर, फरसाण, बिस्किटं यादीतच कमी करा. घरात नसेल तर खाल्लं जात नाही.
- उपवास: साबुदाणा आणि बटाट्याऐवजी दही, ताक, फळ, मूठभर शेंगदाणे.
- अर्धा तास वाटून घ्या: आठवड्यातले पाच दिवस ३० मिनिटं चाललं की १५० मिनिटं भरतात. आई चालायला जाईल तेव्हा कुकर आणि डबे कोण बघणार, हे आधी ठरवा.
- तपासणी सगळ्यांची: आईची साखर वाढली असेल तर मुलांनाही धोका जास्त. तिशीनंतर सरकारी आरोग्य केंद्रात तपासणीची सोय असते.

गरोदर असाल किंवा साखरेचं औषध सुरू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार किंवा गोळ्या बदलू नका.

बाकीच्यांनी आज कमरेला टेप लावा. आईच्याच नाही, बाबांच्या आणि स्वतःच्याही. आकडे फ्रिजवर लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजा.