भाताच्या मुलखात गव्हाचा आजार

सीलिएक या आजाराचे नाव काढले की हातपाय काडीसारखे आणि पोट फुगलेले असे मूल डोळ्यांपुढे येते. गहू, जव आणि राय यांतील ग्लूटेनमुळे या रुग्णांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. अन्नरस शोषला जात नाही व मूल खंगते. चित्र खरे आहे, पण अपुरे. आणि अपुरे चित्र कधीकधी चुकीच्या चित्रापेक्षा अधिक घात करते.

हे चित्र लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली रेखाटले. हा रोग बरा होईल तर आहारानेच, हे त्यांनी ओळखले. मात्र त्यांनी भात वर्ज्य ठरवला आणि खरपूस भाजलेला पाव चालेल म्हटले! खरा गुन्हेगार सापडला तो हॉलंडमध्ये. बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा संशय गव्हावर आधीपासूनच होता. १९४४-४५च्या दुष्काळी हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुले सुधारली, आणि पाव परतताच पुन्हा आजारी पडली. १९५० साली डिके यांनी प्रबंधात हे सिद्ध केले.

आपल्या देशाचे काय? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत या आजाराची प्रतिपिंडे उत्तरेत १.२३ टक्के, तर दक्षिणेत ०.१० टक्के लोकांच्या रक्तात आढळली. या आजाराला पूरक जनुके दोन्हीकडे जवळपास सारखीच होती. फरक होता ताटात: उत्तरेत माणशी रोज सुमारे ४५५ ग्रॅम गहू, दक्षिणेत २५.

म्हणून मला राजेगावसारखी गावे महत्त्वाची वाटतात. बालाघाट जिल्ह्यातले हे गाव गोंदियाच्या सीमेला लागून आहे. १९५६पर्यंत हा मुलूख व गोंदिया-भंडारा एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर. सीमा आली तरी धान तोच राहिला. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले. डोंगराकडे कोदो-कुटकी. यांत कशातच ग्लूटेन नाही. आपली पेज, उकड्या तांदळाचा भात आणि नाचणीची आंबील त्याच गोत्रातली. आपल्याकडे पाव पोर्तुगीजांबरोबर आला, मैद्याची बिस्किटे त्यानंतर. आता ती दोन्हीकडच्या मुलांच्या डब्यात असतात.

इथेच ते जुने चित्र आडवे येते. आज निदान होणारी काही मुले चक्क लठ्ठ असतात. गुटगुटीत मुलाला कुपोषण कसे असेल, असे आपण म्हणतो. पण लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय हटत नसेल, उंची खुंटली असेल, पोट वारंवार दुखत असेल, तर वजनाकडे न पाहता तपासणी मागावी. आणि रक्ततपासणीआधी गहू बंद करू नये, नाहीतर आजार असूनही निकाल चुकीने ठीक येऊ शकतो.

निदानानंतर दुसरा धोका असतो. आतडे बरे होते, अन्न अंगी लागू लागते, आणि ‘ग्लूटेनविरहित’ पाकिटांतल्या साखर-चरबीने मूल लठ्ठ होऊ लागते. गहू जन्मभर पाळावाच लागतो, बांधणीच्या हिंगातला मैदासुद्धा. पण त्यासाठी महागडी पाकिटे नकोत. तांदळाची भाकरी, नाचणी, डाळ, मासळी, भाजी हे पथ्य आपल्या आजीच्या रांधपात शिजतच होते. फक्त त्याला कोणी पथ्य म्हणत नव्हते.