गिरणगाव कुणाचे? विणकाम खात्यापासून इंदू मिलपर्यंत

आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाची ही स्मरणिका ज्या घरांत जाईल, त्यांतल्या कितीतरी घरांचा इतिहास गिरणीच्या भोंग्याशी बांधलेला आहे. आजोबा कोकणातून, घाटावरून आले, गिरणीला लागले आणि चाळीच्या एका खोलीत संसार उभा राहिला. आज त्याच जमिनीवर काचेचे मनोरे आहेत. हा बदल कसा घडला आणि त्यात आपल्या वाट्याला काय आलं, हे नव्या पिढीला माहीत असायलाच हवं.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी, शिवडी असा पट्टा वसला, तेच गिरणगाव. गावकीच्या जोखडातून सुटलेल्या आपल्या माणसांना गिरणीने रोख पगार दिला, हे खरे. पण जात काही गावीच राहिली नाही. तीही गिरणीच्या दरवाज्यातून आत आली. विणकाम खात्यात पगार जास्त. तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून काढावा लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा आम्हाला नको, असे म्हणून सवर्ण कामगारांनी ते खातेच आपल्यासाठी बंद ठेवले. आपली माणसं कमी पगाराच्या रिंग खात्यात राबत राहिली.

परमपूज्य बाबासाहेब हे सारे जवळून पाहत होते. १९१२ ते १९३४ ते परळच्या बी. आय. टी. चाळीत, कामगारांच्या वस्तीतच राहत होते. बहिष्कृत हितकारिणी सभेची १९२४ ची पहिली बैठक परळच्या दामोदर हॉलमध्येच भरली. १९२८ च्या मोठ्या संपात त्यांनी विणकाम खात्याचा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या शेजारच्या कामगारालाही न्याय द्यावा, हा त्यामागचा साधा अर्थ. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध लाल बावट्याच्या जोडीने एक दिवसाचा संप घडवून आणला.

मग आला १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतल्याचे कधी जाहीरच झाले नाही. घरातली भांडी विकली गेली, पोरांच्या शाळा सुटल्या, बायांनी खानावळी चालवल्या. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. उरली ती जमीन, सुमारे ६०० एकर.

या जमिनीचे काय करायचे, यासाठी १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम आला. गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक हिस्सा महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. वस्ती टिकायची तर तिला काय लागतं? श्वास घ्यायला मैदान, कष्टकऱ्याला परवडणारं घर आणि हाताला काम. या तिन्हींची सोय त्या नियमात होऊ शकत होती. पण २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेचीच करायची ठरली. इमारतींखालची जमीन वाटणीतून सुटली. गिरणीत मोकळी जागा ती किती असणार! उच्च न्यायालयाने २००५ मध्ये शहराच्या बाजूने निकाल दिला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. कचेऱ्या वाढल्या, पण रस्ते आणि पूल तेच राहिले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली. त्याच वर्षी २९ डिसेंबरला कमला मिलच्या आवारातल्या आगीत १४ जण दगावले. घरांसाठी दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगारांचे आणि वारसांचे अर्ज आले. २०१२ च्या सोडतीत घरे होती ६,९२५.

तरीही हाती काहीच लागले नाही असे नाही. चैत्यभूमीजवळच्या इंदू मिलची जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी म्हणून आपल्या जनतेने वर्षानुवर्षे मागणी केली. ६ डिसेंबर २०११ रोजी भीमसैनिक गिरणीत शिरले. डिसेंबर २०१२ मध्ये केंद्र सरकारने जमीन देण्याची घोषणा केली आणि ११ ऑक्टोबर २०१५ रोजी भूमिपूजन झाले. संघटित लोकांनी मागितली म्हणूनच गिरणीची ही एक जमीन बाजारात न जाता समाजाकडे आली.

यातून धडा एकच. नुसत्या उंच इमारतींनी वस्ती नवी होत नाही. जुनी माणसं तिथेच राहिली तरच ती वस्ती. उद्या आपल्या चाळींचा पुनर्विकास होईल तेव्हा आराखडा कागदावर असतानाच वाचला पाहिजे. मैदान कुठे, दवाखाना कुठे, विहाराची आणि अभ्यासिकेची जागा कुठे, घराचा देखभाल खर्च झेपेल का, हे विचारले पाहिजे. आणि ट्रंकेत पडलेली आजोबांची गिरणीची कागदपत्रे, पगाराची पावती, ई. एस. आय. चे कार्ड, फेकू नका. घराच्या अर्जाला असेच पुरावे लागले. त्यांच्या प्रती विहारात एका फाईलीत जमा केल्या, तर हक्कही शाबूत राहील आणि इतिहासही.

नमो बुद्धाय! जयभीम!