पत्रीचे अंगण

चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी आपण बाजारातून पत्रीचा वाटा विकत आणतो. त्यात दूर्वा, बेल, तुळस ओळखू येतात; बाकीची पाने कोणती, हे मुले विचारतात आणि खरे सांगायचे तर आम्हीही अडखळतो. दुसरीकडे, कामरेज परिसरात नवे घर घेतलेली आपलीच मंडळी विचारतात, “घरापुढे-मागे थोडी जागा आहे, पण निगा राखायला वेळ नाही. काय करावे?” बहुतेक जण पेव्हर ब्लॉक बसवून मोकळे होतात, हौशी असतील ते लॉन लावतात. आम्हाला वाटते, या दोन्ही अडचणींचे उत्तर एकच आहे, आणि ते आपल्या जुन्या घरांत होते.

हा मुलूख मराठी माणसाला नवा नाही. १७१९ साली पिलाजीराव गायकवाडांनी सोनगड घेतले. पुढे कामरेज हा बडोदे संस्थानाच्या नवसारी प्रांतातला तालुका झाला आणि १ मे १९४९ रोजी संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत गायकवाडीतच राहिला.

त्या संस्थानात बागेच्या दोन रीती शेजारी शेजारी नांदत होत्या. एक दरबारी. बडोद्याची सयाजीबाग १८७९ सालची. १८९० साली पुऱ्या झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याभोवतीची बाग विल्यम गोल्डरिंग या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने आखली. त्यानंतर क्रुंबिगल हे जर्मन तज्ज्ञ संस्थानच्या बागांवर होते. पुढे ते म्हैसूर संस्थानात गेले आणि बंगळूरच्या बागांमुळे नावाजले. हिरवळीचे गालिचे या रीतीतले. गवत कापायचे यंत्र इंग्लंडात १८३० साली निघाले, पण तिथे झिमझिम पाऊस वर्षभर असतो. सुरतेकडे वर्षाचा सुमारे १२०० मिलिमीटर पाऊस जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो. उरलेले आठ महिने हिरवळ जगवायची तर पाणी आणि माळी हवेत. दरबाराकडे दोन्ही होते.

दुसरी रीत घरगुती. पुढे सडा घातलेले अंगण आणि तुळशीवृंदावन, मागे परस. न्हाणीचे आणि मोरीचे पाणी जाई तिथे अळू, केळ आणि कर्दळ. कडेला शेवगा, कढीलिंब, गवती चहा. कुंपणाला अडुळसा नाहीतर मेंदी. माळी कोणाकडेच नव्हता. झाड सांडपाण्यावर आणि पावसावर जगले तर राहिले, नाहीतर त्या जागी दुसरे आले. प्रत्येकाला घरात काहीतरी काम होते.

पत्री याच जगातली. एकवीस पानांची यादी गावोगाव थोडी बदलते, पण आघाडा, माका, धोतरा, रुई, डोरली ही नावे पाहा: यांतले एकही कोणी मुद्दाम लावत नसे, कुंपणाशी आपसूक उगवे. शमी, बोर, बेल, अर्जुन एकदा रुजले की कडक उन्हाळा काढतात. अपवादही आहेत. देवदार हिमालयातला, तो इथे व्हायचा नाही. केवड्याला ओल लागते. कण्हेर, धोतरा आणि रुई विषारी असल्याने लहान मुले असतील तिथे टाळावीत. आणि दूर्वा म्हणजे आपली हरळीच. गंमत अशी की उष्ण देशांतल्या कितीतरी मैदानांवर लॉन म्हणून हिचेच वाण लावतात. उन्हाळ्यात ती वरून वाळते आणि पहिल्या पावसाला पुन्हा फुटते.

ऑगस्ट २००६ चा तापीचा पूर आपण विसरलेलो नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस गणपती आले. घराघरांतून गाळ उपसणे चालू होते, कुंड्या केव्हाच वाहून गेल्या होत्या. तरी त्या गाळातून काही दिवसांनी जे पहिले हिरवे टोक वर आले, ते हरळीचे होते.

आज हे पुन्हा करायचे तर फार खटाटोप नाही. आपली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतार काढावा. शमी, बेल यांसारखी झाडे भिंतीपासून लांब आणि थोड्या उंचवट्यावर लावावीत, म्हणजे मुळाशी पाणी तुंबत नाही. पेव्हर ब्लॉक चालण्याच्या वाटेपुरतेच ठेवावेत. बाकी जमिनीला पावसाचे पाणी पिऊ द्यावे. उघड्या मातीवर उसाचे पाचट पसरावे. काकरापार आणि उकाईच्या कालव्यांमुळे आपल्या भोवती ऊस भरपूर आहे, आणि पाचटाखाली ओल टिकते, तणही कमी येते. भरपूर ऊन पडते अशा कोपऱ्यात दूर्वांचा चौकोन राखावा. त्याला विटांची कड करावी, नाहीतर हरळी सगळे अंगण व्यापते. लावलेल्या झाडांना पहिले दोन उन्हाळे पाणी द्यावे. मग बहुतेकांना आपली गरज उरत नाही.

यंदाचे निर्माल्य नदीत न सोडता अंगणातच खड्डा करून त्यात घालावे. आणि पाऊस आहे तोवर एक शमी लावावी. पुढच्या वर्षी चतुर्थीला मुलांना विचारले, “शमी कोणती?” तर त्यांनी बोट दाखवावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.