मालेगावच्या पालिका शाळा : पट, निकाल आणि मधली गळती

यंत्रमागांच्या या शहरात जून महिन्यात पहिलीचे वर्ग भरतात आणि दहावीच्या निकालात उत्तीर्णांची टक्केवारी झळकते. या दोन आकड्यांच्या मधली नऊ-दहा वर्षे मात्र कोणत्याही तक्त्यात दिसत नाहीत. गरीब घरातील मूल नेमके याच काळात मागे पडते. ही दरी कशी तयार होते, कायदा तिच्याबाबत काय सांगतो आणि ती मोजली का जात नाही, याचा हा आढावा.

शहर आणि त्याची पार्श्वभूमी

नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मोसम आणि गिरणा या नद्यांच्या परिसरात वसलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महापालिका क्षेत्राची लोकसंख्या ४ लाख ८१ हजारांच्या घरात होती. नगरपालिकेचे महापालिकेत रूपांतर २००१ मध्ये झाले. भिवंडी आणि इचलकरंजी यांच्याबरोबर राज्यातील प्रमुख यंत्रमाग केंद्रांत मालेगावची गणना होते. एकोणिसाव्या शतकात उत्तर भारतातून स्थलांतर करून आलेल्या मोमीन-अन्सारी विणकरांनी येथे हातमाग उभे केले, पुढे त्यांची जागा यंत्रमागांनी घेतली. मोसम नदीच्या पूर्वेकडील दाट वस्ती प्रामुख्याने मुस्लिम व उर्दू भाषक, तर पश्चिमेकडील भाग व कॅम्प परिसर प्रामुख्याने मराठी भाषक अशी शहराची ढोबळ विभागणी आहे. महापालिकेच्या प्राथमिक शाळाही त्यामुळे उर्दू आणि मराठी अशा दोन्ही माध्यमांच्या आहेत.

सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाच्या इतिहासात मालेगाव तालुक्याचे एक आगळे स्थान आहे. आपल्या संस्थानात १९०६ मध्ये सक्तीचे व मोफत प्राथमिक शिक्षण लागू करणारे बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड यांचा जन्म १८६३ मध्ये याच तालुक्यातील कवळाणे गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ मध्ये ते दत्तक गेले, तोवर त्यांचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. संधी मिळाली तर शेतकऱ्याचे पोर काय करू शकते, याचा दाखला म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. त्याआधी, १८८२ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन देऊन किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली होती. कष्टकऱ्यांच्या करातून जमणारा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हा त्यांचा आक्षेप होता.

दरी म्हणजे नेमके काय ?

एकाच वयाच्या, एकाच इयत्तेतील मुलांच्या वाचन, लेखन व गणिताच्या पातळीत घरच्या उत्पन्नानुसार जो फरक पडतो, त्याला शैक्षणिक संपादणुकीतील दरी म्हणतात. अमेरिकेत १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने या विषयाला प्रथम मोठ्या आकडेवारीचा आधार दिला. शाळेच्या इमारती व साधनसामग्रीपेक्षा मुलाच्या कौटुंबिक परिस्थितीचा त्याच्या गुणांशी अधिक निकटचा संबंध असतो, असा त्याचा निष्कर्ष होता. शाळा निरुपयोगी आहेत, असा त्याचा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. घरून काही न घेता येणाऱ्या मुलासाठी शाळेला अधिक काम करावे लागते, एवढाच त्याचा बोध आहे.

भारतात या प्रश्नाला धर्म, जात आणि भाषा यांचे पदर आहेत. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीने नोव्हेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार देशातील ६ ते १४ वयोगटातील मुस्लिम मुलांपैकी २५ टक्के मुले एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा त्यांनी मधूनच शाळा सोडली होती. मुस्लिम मुले शाळेऐवजी मदरशांत जातात, हा समजही या अहवालाने खोडून काढला. शालेय वयाच्या मुस्लिम मुलांपैकी केवळ ३ टक्क्यांच्या आसपास मुले मदरशांत शिकत असल्याचे त्यात नमूद आहे. उरलेल्यांचा प्रश्न सर्वसाधारण शाळेचाच आहे.

दरी कुठे पडते ?

पहिला टप्पा शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीचा. मध्यमवर्गीय घरातील मूल तिसऱ्या वर्षापासून बालवाडी, लहान गट, मोठा गट अशा पायऱ्या चढून पहिलीत येते. पालिका शाळेचे दार बहुधा थेट पहिलीला उघडते. त्याआधीचा भार अंगणवाडीवर असतो, आणि दाट वस्तीत अंगणवाडीला पुरेशी जागा मिळवणे हाच मोठा प्रश्न असतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा पायाभूत टप्पा मानला, ते याच कारणाने. पहिलीच्या पहिल्या दिवशी एकाच बाकावर बसलेल्या दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर आधीच पडलेले असते.

दुसरा टप्पा तिसरीचा. पहिली-दुसरीत मूल वाचायला शिकते आणि तिसरीपासून वाचून शिकते. ज्याला अक्षरओळख पक्की झालेली नाही, त्याच्यासाठी भूगोल, विज्ञान आणि गणितातील शाब्दिक उदाहरणे एकाच वेळी बंद होतात. ही अडचण केवळ मालेगावची नाही. 'असर' अहवालानुसार ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. करोनाकाळातील शाळाबंदीनंतर, २०२२ मध्ये, ते ४२.८ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. एप्रिल-मे २०२० मध्ये मालेगाव हे राज्यातील साथीच्या मोठ्या केंद्रांपैकी एक होते. शाळा आणि यंत्रमाग एकाच वेळी थांबले होते आणि स्मार्टफोन नसलेल्या घरांत ऑनलाइन वर्ग हा शब्द नावापुरताच होता.

तिसरा टप्पा सातवी-आठवीचा. पालिकेच्या प्राथमिक शाळेतील शिक्षण संपले की मुलाला खासगी अनुदानित माध्यमिक शाळेत प्रवेश घ्यावा लागतो. नवी शाळा, लांबचा रस्ता, गणवेश व पुस्तकांचा नवा खर्च आणि आधीच कच्चा राहिलेला पाया हे सारे एकदम समोर येते.

चौदाव्या वर्षाची सीमा

याच वळणावर कायद्याचाही आधार सुटतो. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ या वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाची हमी देतो. बालकामगार प्रतिबंधक कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मुलांना कोणत्याही उद्योगात कामाला ठेवता येत नाही. मात्र शाळेच्या वेळेनंतर व सुटीत, धोकादायक नसलेल्या घरगुती व्यवसायात मदत करण्यास मुभा आहे. १४ ते १८ वयोगटासाठी बंदी केवळ धोकादायक कामांपुरती आहे. म्हणजे चौदावे वर्ष उलटताच शिक्षणाची हमी संपते आणि बहुतेक कामांची दारे मात्र खुली होतात.

यंत्रमागाच्या शहरात या सीमेचा अर्थ अधिक स्पष्ट दिसतो. येथे माग कारखान्यांच्या वसाहतीपुरते मर्यादित नाहीत, ते वस्तीतच आहेत. मजुरी उत्पादनावर ठरते आणि पाळी साधारण बारा तासांची असते. कांडी भरण्यासारखी जोडकामे घरच्या माणसांच्या मदतीने उरकली जातात. बाप रात्रपाळीला असेल तर दिवसा त्याची झोप मोडू नये म्हणून एकाच खोलीच्या घरात मोठ्याने वाचायची सोय नसते, आणि शेजारी माग सुरू असेल तर वाचलेले ऐकू येत नाही. सुताचे भाव चढले किंवा कापडाची मागणी घटली की माग बंद राहतात. त्या आठवड्यात वह्या-पुस्तकांचा खर्च पहिल्यांदा पुढे ढकलला जातो. मुलगा मागावर उभा राहिला तर घरात मजुरी येते, हा हिशेब आई-बापांच्या अनास्थेतून नव्हे, गरजेतून होतो.

भाषेचा प्रश्न दोन्ही तीरांवर

भाषेची अडचण केवळ उर्दू माध्यमाची आहे, हा समज अपुरा आहे. उर्दू शाळेतील मुलाच्या घरची बोली पाठ्यपुस्तकातील उर्दूहून वेगळी असते आणि पुढे महाविद्यालयात, विशेषतः विज्ञान व तंत्रशिक्षणात, त्याला एकदम इंग्रजीला सामोरे जावे लागते. स्पर्धा परीक्षा व सरकारी नोकरीसाठी मराठी आवश्यक असते, ती त्याने केवळ एक विषय म्हणून शिकलेली असते. पश्चिमेकडील मराठी शाळेत येणाऱ्या अनेक मुलांची घरची भाषा अहिराणी किंवा एखादी आदिवासी बोली असते. त्यांच्यासाठी प्रमाण मराठी हीच पहिली नवी भाषा ठरते. नदीच्या दोन्ही बाजूंच्या गरीब मुलाची अडचण मुळात एकच आहे, ती निरनिराळ्या लिप्यांत लिहिली जाते इतकेच.

पंचवीस टक्के जागा आणि त्यांची मर्यादा

शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १२ नुसार खासगी विनाअनुदानित शाळांतील प्रवेशस्तरावरील २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांसाठी राखीव आहेत. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना यातून सूट दिली होती. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये हा बदल रद्द ठरवला आणि सर्वोच्च न्यायालयानेही ऑगस्टमध्ये त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.

मालेगावसाठी मात्र या तरतुदीला दोन मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना शिक्षणहक्क कायदा लागू नाही. अशा संस्थांच्या शाळा जिथे अधिक, तिथे राखीव जागा आपोआप कमी. या निकालाचा फेरविचार मोठ्या पीठाने करावा, असे मत न्यायालयाच्या द्विसदस्यीय खंडपीठाने १ सप्टेंबर २०२५ रोजी नोंदवले आहे. दुसरी मर्यादा कागदपत्रांची. दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्न एक लाख रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो. उत्पादनावर मजुरी घेणाऱ्या कामगाराकडे वेतनचिठ्ठी नसते. ऑनलाइन अर्ज व तहसील कार्यालयातील फेऱ्या यांसाठी त्याला रोजगार बुडवावा लागतो.

पैसा आणि शिक्षक

प्राथमिक शिक्षण हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे. शिक्षकांच्या वेतनातील मोठा वाटा राज्य शासन अनुदानातून देते, उरलेला भार व इमारतींची देखभाल पालिकेकडे असते. जकात आणि त्यानंतरचा स्थानिक संस्था कर इतिहासजमा झाला. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून छोट्या महापालिका शासनाच्या भरपाईवर अधिकच अवलंबून आहेत. अशा तिजोरीत रस्ते, पाणी व गटारी यांच्याशी शाळेला स्पर्धा करावी लागते. कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे प्रमाण ठरवले आहे. उर्दू माध्यमात मात्र राखीव प्रवर्गातील पात्र उमेदवार पुरेसे मिळत नसल्याने जागा रिक्त राहतात, ही तक्रार जुनीच आहे.

मोजलेच जात नाही ते

दरी दूर करण्यातील पहिला अडथळा हा की, मालेगाव शहरापुरती ती कोणी स्वतंत्रपणे मोजत नाही. 'असर' हे सर्वेक्षण ग्रामीण भागापुरते आहे. केंद्राच्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाचे निष्कर्ष जिल्हानिहाय जाहीर होतात. त्यात द्राक्षबागांचा निफाड, आदिवासी सुरगाणा आणि यंत्रमागांचे मालेगाव एकाच सरासरीत मिसळते. शाळांच्या वार्षिक माहितीत पटसंख्या कळते, वाचता किती जणांना येते हे कळत नाही.

राहता राहिला दहावीचा निकाल. तो तर दिशाभूलच करू शकतो. समजा, पहिलीत १०० मुले दाखल झाली, त्यांतील ६० दहावीला बसली आणि ५४ उत्तीर्ण झाली. निकाल ९० टक्के लागला असे जाहीर होईल. प्रत्यक्षात शंभरातील ४६ मुले त्या टप्प्यापर्यंत पोहोचलीच नाहीत किंवा अडखळली. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पण भागाकार करताना खाली कोणती संख्या घ्यायची, यावरच शहराचे चित्र बदलते, हे त्यातून ध्यानात येईल. गळती जितकी जास्त, तितका निकाल चांगला दिसण्याची शक्यता असते.

मुंबईचा अनुभव

उपाय अज्ञात आहेत असेही नाही. मुंबई महापालिकेच्या शाळांत 'प्रथम' संस्थेने राबवलेला 'बालसखी' उपक्रम हे त्याचे उदाहरण. तिसरी-चौथीतील मागे पडलेल्या मुलांना वर्गातून वेगळे काढून, वस्तीतीलच एका प्रशिक्षित तरुणीकडे रोज सुमारे दोन तास मूलभूत वाचन व अंकगणितासाठी सोपवले जाई. २००१ नंतर मुंबई व बडोदा येथे या उपक्रमाचे शास्त्रशुद्ध मूल्यमापन झाले. मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ झाली आणि तिचा लाभ सर्वांत मागे असलेल्यांना अधिक झाला, असे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत म्हटले आहे. हा अभ्यास करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो होते. दारिद्र्यनिर्मूलनाच्या प्रयोगाधारित अभ्यासासाठी त्यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचा नोबेल पुरस्कार मिळाला.

या उपक्रमाला नवी इमारत लागली नाही, संगणक कक्षही लागला नाही. मुलाला इयत्तेनुसार नव्हे, त्याच्या पातळीनुसार शिकवणे एवढेच त्याचे सूत्र होते. दहावीपर्यंत शिकलेल्या मुलींची मालेगावच्या वस्त्यांत वाण नाही.

पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा घेऊन अनुत्तीर्णांना त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्याने २०२३ मध्ये पुन्हा दिली. पहिली ते तिसरीत आधार न देता पाचवीत नापास केल्यास, चौदाव्या वर्षी सुटणारी शाळा अकराव्या वर्षीच सुटण्याचा धोका आहे. म्हणूनच पहिलीत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाचा दहावीपर्यंत माग ठेवणे आणि तिसरीच्या अखेरीस त्याला वाचता येते की नाही हे शाळानिहाय जाहीर करणे, या दोन गोष्टी महापालिकेला स्वतःच्या अखत्यारीत करता येण्याजोग्या आहेत. त्यासाठी नव्या कायद्याची गरज नाही. पटावरची नावे पालिकेकडे आहेतच, दरवर्षी ती पुन्हा वाचून त्यांतील कोण आज वर्गात नाही, एवढे विचारावे लागेल.