दुहेरी बंध आणि लेशभर ऑक्सिजन

१/ अकरावी-बारावीच्या रसायनशास्त्रात दोन ओळींत उरकला जाणारा एक अपवाद आणि रोज सकाळी दारात येणारी दुधाची प्लॅस्टिकची पिशवी, या दोहोंचा इतिहास १९३३ या एकाच वर्षी वळण घेतो. दोन्हींच्या मुळाशी हवेतला ऑक्सिजन होता, तोही अत्यल्प. आजचा धागा त्याविषयी.

२/ ज्या हायड्रोकार्बनांत कार्बनचे दोन अणू दुहेरी बंधाने जोडलेले असतात, ती अल्कीन. त्यांतले सर्वांत साधे इथिलीन. अठराव्या शतकाच्या अखेरीस ॲम्स्टरडॅममधील चार डच संशोधकांनी या वायूचा क्लोरीनशी संयोग घडवला, तेव्हा एक तेलकट द्रव हाती आला. त्यावरून हा ‘तेल घडवणारा वायू’ ठरला. अल्कीनांचे जुने नाव ‘ऑलेफिन’ याच कल्पनेतून आले.

३/ दुहेरी बंधातील एक बंध तुलनेने दुबळा असतो. तो सुटला की दोन्ही कार्बनांना एकेक नवा सोबती मिळतो. हीच समावेशन अभिक्रिया. इथिलीनचे दोन्ही कार्बन सारखेच, त्यामुळे तेथे वाद नाही. परंतु प्रोपीनसारख्या असमान रेणूत हायड्रोजन ब्रोमाइड मिसळले, तर हायड्रोजन कोणत्या कार्बनकडे जाणार आणि ब्रोमीन कोणत्या?

४/ रशियातील कझान येथे व्लादिमीर मार्कोव्हनिकोव्ह यांनी १८६९ च्या सुमारास याचे उत्तर दिले. ज्या कार्बनपाशी आधीच अधिक हायड्रोजन आहेत, त्याच्याच पदरात नवा हायड्रोजन पडतो. ब्रोमीन दुसऱ्याकडे जातो. ते बुटलेरोव्ह यांचे शिष्य. रेणूची रचना कळली तर त्याचे वर्तनही सांगता येईल, हा गुरूंचा विश्वास शिष्याने नियमात उतरवला.

५/ पण हायड्रोजन ब्रोमाइडने पुढे अनेकांना छळले. एका संशोधकाला नियमाप्रमाणे उत्पादित मिळे, दुसऱ्याला नेमके उलटे. कधी दोहोंचे मिश्रण. रसायने तीच आणि कृतीही तीच असताना दोन प्रामाणिक माणसांची उत्तरे जुळत नव्हती. मग कोणाचा प्रयोग खोटा मानायचा?

६/ शिकागो विद्यापीठातील मॉरिस खराश आणि फ्रँक मेयो यांनी कोणालाच खोटे ठरवले नाही. त्यांनी ॲलिल ब्रोमाइड घेऊन परिस्थितीचा एकेक घटक तपासला. हवा वगळून आणि शुद्ध द्रव्य वापरून केलेली अभिक्रिया मंद चाले आणि मार्कोव्हनिकोव्हच्या बाजूने कौल देई. हवेच्या सान्निध्यात मात्र ती झपाट्याने होई आणि उत्पादित उलटे मिळे.

७/ गुन्हेगार सापडला: पेरॉक्साइड. बाटलीत ठेवलेल्या अल्कीनशी हवेतील ऑक्सिजनचा संयोग होऊन ते नकळत तयार होते. ज्याची बाटली जुनी, त्याचे उत्तर वेगळे! हा ‘पेरॉक्साइड परिणाम’ १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९३७ मध्ये त्याची कारणमीमांसाही पुढे आली: पेरॉक्साइडमुळे मुक्त मूलके निर्माण होतात आणि अभिक्रिया साखळीसारख्या निराळ्याच मार्गाने धावते.

८/ त्याच १९३३ च्या मार्च महिन्यात इंग्लंडमधील विनिंग्टन येथे, आयसीआय कंपनीत, रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी इथिलीन आणि बेंझाल्डिहाइड सुमारे १९०० वातावरण दाबाखाली १७० अंश सेल्सियसला तापवले. अपेक्षित संयुग मिळाले नाही. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ मात्र किंचित आढळला. प्रयोग पुन्हा करू जाता स्फोट झाला आणि काम थांबले.

९/ डिसेंबर १९३५ मध्ये मायकेल पेरिन आणि सहकाऱ्यांनी अधिक भक्कम उपकरणात केवळ इथिलीन घेतले. मध्येच दाब घटला, कारण एका सांध्यातून गळती होत होती. म्हणून त्यांनी ताजे इथिलीन आत सोडले. यावेळी पांढरी भुकटी ग्रॅमांत मोजण्याइतकी मिळाली. त्या ताज्या वायूत योगायोगाने ऑक्सिजनचा योग्य तेवढा अंश होता, हे पुढे उमगले. अंश फार झाला तर स्फोट, मुळीच नसला तर काहीच नाही.

१०/ येथेही तोच मार्ग होता. ऑक्सिजनपासून मुक्त मूलके उपजली, एका इथिलीनचा दुहेरी बंध उघडला, त्याला दुसरे जोडले गेले, मग तिसरे, आणि अशी हजारोंची माळ झाली. हे पॉलिथिलीन. त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन १ सप्टेंबर १९३९ रोजी सुरू झाले. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. हलके आणि उत्तम विद्युतरोधक असल्याने हे द्रव्य ब्रिटिश रडारच्या तारांसाठी वापरले गेले. विमानात रडार बसवणे त्यामुळे सुकर झाले.

११/ खराश यांच्या शोधाने मार्कोव्हनिकोव्हचा नियम मोडला नाही. तो कोठवर चालतो, त्याची सीमा तेवढी स्पष्ट झाली. परस्परविरोधी वाटणाऱ्या दोन्ही नोंदी खऱ्याच होत्या. नोंदवायची राहिली होती ती फक्त बाटलीतली हवा. इतिहासाच्या साधनांतही दोन विश्वसनीय नोंदी एकमेकींशी भांडताना दिसतात. त्यांतली एक घाईने खोटी ठरवण्यापूर्वी दोघींच्या परिस्थितीत काय वेगळे होते, हे विचारून पाहावे.